मोकळी मान

प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाच्या कपांचा ट्रे तिच्या मांडीवरून गेला. डावीकडच्या घड्याळवाल्या काकूंनी त्यातला आपला कप उचलून घेतला आणि ओल्या फरशीवरून पिशवी पलीकडे द्यावी तसे दोन्ही हात लांब करून ट्रे थोरलीच्या गुडघ्यांवरून उजवीकडच्या मास्तरांच्या हातात दिला. काचेचे इवलेसे कप आपापल्या भोकांत किणकिणले. थोरलीचा हात अर्धा वर आला होता. तो तिने खाली नेला आणि उगाच बाकाच्या कडेवरची धूळ पुसली. आधी भाकरीची ताटली अशीच गेली तेव्हा तिला वाटलं होतं, चुकून झालं असेल, काकूंना हल्ली कमी दिसतं. पण चूक एकदा होते. लगेच दुसऱ्यांदा झाली की तिला ठरवलेलं म्हणतात. समोर चर्चचे पाळकसाहेब "घ्या" म्हणाले, सगळी मंडळी एकदम प्याली, आणि रिकामे कप पुढच्या बाकाच्या पाठीवरच्या फळीतल्या भोकांमध्ये टकटक करत बसले. तिच्यासमोरचं भोक तेवढं रिकामं राहिलं. पडलेल्या दाताच्या जागेसारखं, असं तिच्या मनात आलं, कारण दात हाच तिचा धंदा होता.

कशासाठी, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. तिने केस कापले होते. कमरेपर्यंतची वेणी होती, ती मुळापासून, पुरुषासारखी, कानांवर येणार नाही इतकी कापली होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, गायनमंडळात पुढच्या रांगेत उभी राहणारी, आणि हे डोकं! पहिल्या रविवारी नुसत्या माना वळल्या. दुसऱ्या रविवारी पाळकीणबाईंनी दारातच एक राखाडी स्कार्फ तिच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "ऊन फार आहे गं बाहेर." आत तर पंखे चालू होते. मग मंडळीच्या म्हाताऱ्या पंचांकडून निरोप आला की, केस वाढेपर्यंत ताईंनी गायनात उभं राहू नये, बघणाऱ्यांचं लक्ष विचलित होतं. तेही तिने ऐकलं; पण काही महिने गेले तरी केस जरा वाढले की ती पुन्हा कापून घ्यायची. गायन नाही तर नाही, बाकावर बसून गाता येतंच की. पण प्रभुभोजनाचा ट्रे मांडीवरून जाईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. लहानपणी बाप्तिस्मा झाला त्याच या इमारतीत. लग्न इथेच झालं, आईची आणि नवऱ्याची शवपेटी याच बाकांमधून बाहेर गेली. आणि आज एका कपासाठी ती परकी!

उपासना सुटल्यावर ती कुणाशी न बोलता बाहेर पडली. रविवारची दुकानं बंद होती, बंद काचांमधून तीच तिला भेटत होती. सुटकेसच्या दुकानाच्या काचेपाशी ती थांबली. लहान डोकं, मोठे कान, लांब मान. कोंबडीचं पिल्लू पावसात भिजल्यावर दिसतं तसं काहीतरी. वाईट दिसतं का? दिसत असेल. पण वाईट दिसणं हे पाप कधीपासून झालं? त्या काचेत बघता बघता तिला आईचे गुडघे आठवले. आई रविवारी सकाळी दोघी बहिणींना पाठमोऱ्या बसवायची, खांदे गुडघ्यांत आवळून धरायची आणि तेल लावून असे केस ओढायची की भुवया वर चढायच्या. त्या चढलेल्या भुवयांनिशी थोरली उपासनेला बसायची. "देवाच्या वचनाचं पोरीला केवढं नवल वाटतं बघा," असं बाया म्हणायच्या. नवल कसलं, कपाळाची कातडी खाली येत नव्हती! आई वेणीचं टोक बांधताना म्हणायची, "केस म्हणजे बाईची शोभा, जपायची." पुढे नवऱ्याने तेच कौतुक चालवलं. माणूस वाईट नव्हता. पण घरी कुणी आलं, चहा झाला, की म्हणायचा, "अगं, सोड की जरा, बघू दे यांना." मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि वेणी सोडायची. मागे वाहवा व्हायची. तिला भिंत दिसायची. त्या भिंतीवर रंगाचा एक पोपडा उडालेला होता, त्याचा आकार तिला अजून काढून दाखवता आला असता.

आणि ते केस कापले त्या दिवशी काही घडलंसुद्धा नव्हतं. सांगण्यासारखं कारणच नाही, हीच तर पंचाईत होती. ती दातांच्या कारखान्यात कामाला होती. मेणाचे साचे करायचे, त्यांत दात बसवायचे, कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या. त्या दिवशी घासायचं मशीन बिघडलं म्हणून दुपारीच सुटी मिळाली. डोक्यात प्लास्टरची भुकटी बसली होती. धुवायचं, वाळवायचं, विंचरायचं, सगळी संध्याकाळ त्यात जाणार, या विचाराने ती चालत होती आणि समोर केस कापायचं दुकान आलं. आत गिऱ्हाईक नव्हतं.

"इथं पुरुषांचे कापतो, बाई," न्हावी म्हणाला.

"केसांना कुठं माहीत असतं?"

"घरी विचारलंत?"

"घरी मीच मोठी. विचारलं, हो म्हणाले."

त्याने दोनदा कात्री उचलली आणि दोनदा खाली ठेवली. तिसऱ्यांदा वेणी हातात धरून एकदम कापली. डोकं आपोआप पुढे गेलं, इतकं हलकं झालं होतं. मग भिंतीवरचा फिरता पंखा तिच्याकडे वळला आणि मानेवरून वारं गेलं. एवढ्या आयुष्यात त्या जागेला वारं म्हणून लागलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडातून निघून गेलं, "आभार, देवा." न्हाव्याला वाटलं आपल्यालाच म्हणतेय, तो म्हणाला, "थांबा, अजून कडा राहिल्यात." ती हसत सुटली. पाठ केलेल्या प्रार्थना तिने जन्मभर म्हटल्या होत्या, पण ही कुणी शिकवलेली नव्हती. वेणी तिथेच फरशीवर टाकून ती घरी आली.

ट्रेच्या त्या रविवारनंतर सोमवारी कारखान्यात ती एक वरची कवळी घासत बसली. हाताला काम होतं आणि डोक्यात ट्रे किणकिणत होता. मंडळीतली बरीच तोंडं तिच्या हाताखालून गेली होती. म्हातारे पंच तर स्वतः येऊन उभे राहिले होते, दातांच्या छटांची पट्टी हातात घेऊन, सगळ्यात पांढऱ्या दातावर बोट ठेवून म्हणाले होते, "हा बरा वाटेल. नातवाच्या लग्नात फोटो आहेत." या वयाला एवढा पांढरा शोभणार नाही, हे तिने सांगून पाहिलं होतं. आता तेच दात लखलखवत ते तिला साधेपणाचे निरोप पाठवत होते! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. संतापाने तिच्या हाताखालची कवळी एवढी झिजली की फेकून द्यावी लागली. पण त्यांच्या दातांबद्दल कुणाला सांगावं असं तिच्या मनात आलं नाही. म्हाताऱ्याला पांढरे दात हवेसे वाटले, वाटू देत. तिलाही मानेला वारं हवंसं वाटलं. राग याचा नव्हताच. राग याचा होता की, इतकी वर्षं पुढच्या रांगेत तिला उभं केलं ते आवाजासाठी, असं ती समजत होती. आवाज तर अजून तोच होता. मग रांगेत उभी कोण होती? वेणी. पाळकीणबाई वर्धापनदिनाच्या फोटोआधी तिला पुढे ओढून म्हणायच्या, "तू इथं, आणि वेणी पुढं घे." नवऱ्याच्या पाहुण्यांसारखीच सगळी मंडळी, आणि ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी.

घरी आल्यावर तिने हे धाकटीला सांगितलं. दोघी बहिणी एकत्रच राहत. धाकटीला आजार निघाला होता, तोच, ज्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. थोरलीने केस कापले त्यानंतर दोन महिन्यांनी तो निघाला आणि औषधांनी धाकटीचे होते नव्हते तेवढे केस गेले. तिने बाजारातून एक तांबूस रंगाचा विग आणला होता. "टकलाला रंगाची निवड असते, मग सोडायची कशाला?" असं म्हणून स्वतःच हसली होती. मंडळीत तिने कुणाला कळवलं नव्हतं. उपासनेला जाणंही थांबवलं होतं. "बघायला येतील. मी काय प्रदर्शन आहे?" ट्रेची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "काकूंनी? आईला त्यांनीच आंघोळ घातली होती गं शेवटची." तेच तर थोरलीला गिळता येत नव्हतं. वाईट माणसांनी केलं असतं तर एक वेळ सोसलं असतं.

त्या आठवड्यात दवाखान्याच्या लांब पॅसेजमध्ये पाळकीणबाई समोरून आल्या. आधी त्यांनी थोरलीला पाहिलं आणि चेहरा आवळला. मग तिच्या हाताला धरून चालणारी धाकटी पाहिली, सुकलेली, भुवया गेलेली, डोक्यावर तांबूस विग. त्यांनी एकदा विगकडे पाहिलं, एकदा थोरलीच्या डोक्याकडे, आणि तोंडावर हात ठेवून तिथेच रडू लागल्या. दोघींना काही कळेना. "हिला काय झालं?" धाकटी पुटपुटली. "मी मेले नाही अजून."

कळलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दारात पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि म्हातारे पंच. हातात फळांची टोपली. पाळकीणबाईंनी आल्या आल्या थोरलीचे दोन्ही हात धरले.

"ताई, माफ कर गं आम्हाला. एका शब्दानं तरी सांगायचंस."

"काय सांगायचं?"

"बहिणीसाठी एवढे केस दिलेस! एवढे सुंदर केस! आणि आम्ही आंधळे, तुला काय काय समजलो."

"तुमच्या त्यागाची साक्ष मंडळीसमोर झाली पाहिजे," पंच म्हणाले. पांढरे दात दिव्यात चमकले. "या रविवारी. आणि मग गायनात तुमची जागा आहेच."

"आणि प्रभुभोजन?" थोरलीने पाळकसाहेबांना विचारलं.

पाळकसाहेब मऊ माणूस. ते टोपलीतल्या फळांकडे बघत म्हणाले, "तो... गैरसमज होता. पुन्हा होणार नाही."

ती काही बोलणार तेवढ्यात मागून धाकटीने तिच्या कमरेला चिमटा काढला. तिघे उभ्याने प्रार्थना करून गेले.

दार लागलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आता मस्तकावर ती झाकायलाही काही नव्हतं. तांबडा विग! आंधळ्यालाही दिसलं असतं की तांबड्या दोऱ्यासारखे ते केस बाजारातले आहेत. आपली वेणी काळी, मधे पांढरे पट्टे असलेली. इतकी वर्षं ती वेणी पाहिली, फोटोत पुढे घ्यायला लावली, आणि तिचा रंग लक्षात नाही? वरवरचंच बघायचं म्हटलं तरी निदान नीट बघावं! आणि माफी कशाची मागितली? कप नाकारल्याची नाही. केस उगाच कापले असते तर नाकारलेला कप बरोबरच होता, तो काही गैरसमज नव्हता. कारण पवित्र निघालं म्हणून टक्कलसुद्धा पवित्र झालं. परवा जे डोकं निर्लज्ज होतं तेच आज त्यागाचं, आणि डोक्याला तर काही कळलंच नाही. कुणाला उगाच, सुखासाठी, वाऱ्यासाठी काही करावंसं वाटलं तर त्याला देवाच्या टेबलाशी जागा नाही काय? मग तो पंख्याचा वारा कुणी पाठवला होता? ती येरझारा घालत हे मोठमोठ्याने बोलत होती. धाकटी टोपलीतलं सफरचंद पुसत ऐकत होती.

"झालं तुझं? आता गप्प बस आणि घे ती जागा. माझं टक्कल कुणाच्या तरी कामी येतंय, येऊ दे."

"खोटं सांगू? उभी राहून? तिथं?"

"सांगू नकोस. नुसती उभी राहा आणि रड. बाकीचं ते स्वतःच सांगतील." मग सफरचंद खाली ठेवून ती म्हणाली, "ताई, आपल्याला दुसरं आहे कोण? मी गेले तर पेटी उचलायला चार माणसं लागतात. तू एकटी काय उचलणार? त्यांच्याशी वैर धरलंस तर ते येतील का?" ती हे नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. थोरलीचा सगळा राग तिथेच विझल्यासारखा झाला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ती खाली बसली. बरोबरच होतं. सन्मान, गायन, रांग, हे सगळं ती ओवाळून टाकू शकत होती; पण धाकटीची पेटी?

शनिवारपर्यंत तिने गप्प राहायचं ठरवलं होतं. कवळ्या घासताना, रस्त्याने चालताना ती मनातल्या मनात रडण्याचा सराव करत होती. ते जमेना. मान मात्र पूर्वीसारखी अवघडू लागली, जशी वेणी असताना अवघडायची. रविवारी सकाळी ती स्कार्फ बांधत होती, तेव्हा धाकटी पलंगावर उठून बसली. विग खुंटीला होता. उजेडात तिचं डोकं अगदी गुळगुळीत, लहान मुलासारखं दिसत होतं.

"ताई, मी विचार केला," ती म्हणाली. "हे टक्कल माझं आहे. मी सोसलंय ते. ते तू कुणाला उसनं देऊ नकोस."

"आणि पेटी?"

"चार हमाल बोलावू. ते निदान तुझी वेणी बघून ठरवणार नाहीत, उचलायचं की नाही ते." मग हात लांब करून तिने थोरलीच्या डोक्यावरचा स्कार्फ ओढून काढला आणि उशीखाली घातला.

उपासना भरलेली होती; साक्षीची बातमी पसरली होती. गीत संपलं, पाळकीणबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, डोळे आधीच भरून ठेवलेले. थोरली पुढे जाऊन उभी राहिली. समोर भिंत नव्हती, चेहरे होते. हे तिला नवीनच होतं.

"माझी बहीण आजारी आहे," ती म्हणाली. "तिच्यासाठी प्रार्थना करा. तिचा विग बाजारातला आहे. माझे केस मी तिच्यासाठी कापले नाहीत. तेव्हा ती आजारी नव्हती. मी ते कापले, कारण मला मान मोकळी हवी होती. दुसरं कारण नाही. मानेला वारं लागलं तेव्हा मी देवाचे आभार मानले. तुम्ही मला प्रभुभोजनातून वगळलंत, मग बहिणीचा आजार दिसला म्हणून परत घेतलंत. ती आजारी पडली नसती तर?" इथे तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "तिनं आजारी पडायला पाहिजे होतं का, मला एक कप मिळावा म्हणून?"

ती येऊन जागेवर बसली. पाळकसाहेब घाईने भाकरीपाशी गेले, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. ताटली निघाली, बाकाबाकांतून आली, आणि काकूंनी ती झटकन तिच्या मांडीवरून पलीकडे दिली. मास्तरांनी घेतली. हलक्या वस्तूला वेळ लागत नाही. पण ट्रे जड असतो, भरलेला असतो, तो दोन हातांनी सावकाशच द्यावा लागतो. तो तिच्या गुडघ्यांवर आला तेव्हा तिने खालून हात लावला.

काकू सोडेनात. तिनेही सोडला नाही. कप किणकिणू लागले.

"सांडेल, काकू," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "हात दुखतील तुमचे. द्या इकडे."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे हात सुटले. तिने एक कप काढून घेतला आणि ट्रे मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी आपला कप उचलला आणि ट्रे खाली बघत पुढे दिला.

सगळ्यांच्या हातात कप आले, आणि पाळकसाहेब "घ्या" म्हणेनात. त्यांनी तोंड उघडलं, तिच्या कपाकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं, तोंड मिटलं. आपण म्हणालो की तिलाही म्हणालो असं होईल, हा त्यांचा पेच तिला इतक्या लांबून स्पष्ट वाचता आला. तिने कप खाली ठेवावा म्हणून अख्खी मंडळी थांबली होती. कुणीतरी खोकलं. हात अवघडले. लालसर रस काचांमध्ये हलू लागला. साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत वाट बघण्यात तिचा जन्म गेला होता, तिला कसली घाई नव्हती. पण मग तिला उशीखालचा स्कार्फ आठवला, खुंटीवरचा विग आठवला, आणि वाटलं, यांच्या 'घ्या'ची वाट आपण का बघतोय? या टेबलाशी बोलावलं ते यांनी नव्हतंच.

ती प्याली. एकटीच. कप समोरच्या भोकात ठेवला, तेव्हा त्या शांततेत त्याचा आवाज सगळ्या इमारतीभर गेला. वरचा पंखा फिरत होता आणि मानेवर वारं येत होतं.

मागच्या बाकांत कुठेतरी, पाळकसाहेब अजून गप्प असतानाच, दुसरा एक रिकामा कप भोकात ठेवल्याचा आवाज झाला. कोण ते बघायला ती वळली नाही.